सातबारा इकडं, आडत तिकडं: देगलूर-बिलोली-धर्माबाद पट्ट्यातलं पीककर्ज

मांजराकाठ (रविवार, रात्री 9.40)

नमस्कार मंडळी. माझं गाव बिलोली तालुक्यात, मांजरा नदीच्या अलीकडं. पलीकडं तेलंगण, बोधनचा भाग. 1956 पर्यंत दोन्ही काठ हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळं सोयरीक, यात्रा, बाजार सगळं अजून एकमेकांत आहे. आमच्या घरातल्या दोन सुना तिकडच्या, आत्या तिकडं दिलेली. 1956 ला राज्यं वेगळी झाली आणि वेगळं झालं ते मुख्यतः कागद आणि पैसा.

धागा काढायचं कारण परवाची एक हिशोबपट्टी. माझ्या चुलतभावानं चार एकर सोयाबीन केलं होतं. जूनमध्ये पलीकडच्या आडत्याकडून 40 हजार उचलले, महिन्याला शेकडा दोन व्याजानं. बोली अशी की माल त्याच्याच आडतीवर घालायचा. 22 क्विंटल माल झाला. त्या दिवशी बाजारात तशाच मालाला 4,300 चालू होता, ह्याच्या पट्टीवर 4,150 लागला. क्विंटलमागं किलोभर कडता, म्हणजे वजनातली कपात, वेगळी. पाच महिन्यांचं व्याज 4 हजार. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात 45 हजार 800 आले, आणि काढणी-मळणीची मजुरी अजून द्यायची होती.

मी रात्री कंदुरीच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. व्याज 4,000, भावातली कमी 3,300, कडत्याचे 900 च्या वर. म्हणजे 40 हजार पाच महिने वापरायचे 8,200 रुपये. वर्षाचा दर काढला तर शेकडा 49. पट्टीवर मात्र व्याज म्हणून फक्त 4,000 लिहिलेले. बाकीचं कुणी व्याज म्हणतच नाही, "भाव कमी लागला" म्हणतात.

आणि ह्याच माणसाला महाराष्ट्रात 3 लाखांपर्यंत पीककर्ज शून्य टक्क्यानं मिळायला पाहिजे. मिळालं का नाही? शेत अजून आजोबांच्या नावचं सामाईक खातं आहे. मोठ्या भावाचं 2016 चं कर्ज थकलं, सातबाऱ्यावर बोजा चढला, आणि बँक म्हणते की पूर्ण खातं थकीत. धाकट्यानं आजवर बँकेचा एक रुपया उचललेला नाही.

मला वाटतं सीमेवरच्या गावांत गरिबीचं एक मोठं कारण हेच आहे: पेरणीचा पैसा कुणाचा, त्यावर पिकाचा भाव ठरतो. कर्जमाफी, व्याजसवलत, अनुदान ह्या सगळ्या गोष्टी सातबाऱ्याच्या आणि राज्याच्या मागं जातात. पैसा मात्र बाजाराच्या मागं जातो, आणि आमचा बाजार पलीकडं आहे. तुमच्याकडं कसं आहे ते लिहा. नुसती मतं नकोत, जमलं तर हिशोब लिहा.

शाखाधिकारी_निवृत्त (रविवार, रात्री 10.25)

मांजराकाठ, हिशोब अगदी बरोबर मांडलात. मी 31 वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ वर्षं मराठवाड्याच्या सीमेवरच्या शाखांत. थोडं बँकेच्या बाजूनं सांगतो.

1998 ला किसान क्रेडिट कार्ड आलं. मर्यादा ठरते ती अशी: जिल्हा तांत्रिक समितीनं पिकाला ठरवलेला हेक्टरी कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्चासाठी 10 टक्के आणि अवजारं-दुरुस्तीसाठी 20 टक्के. 7 टक्क्यांनी कर्ज, वर्षात फेडलं की केंद्राची 3 टक्के सूट, उरलेल्याला राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत. कागदावर उत्तम योजना आहे, आणि मी स्वतः शेकडो लोकांना ती दिली आहे.

पण "शून्य टक्के" हा शब्द फेडण्यावर उभा आहे. तारीख चुकली की सगळ्या सवलती जातात. म्हणून मार्चमध्ये काय चालतं ते इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे: नवं-जुनं. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकून पैसे घरात, लग्नात, दवाखान्यात गेलेले असतात. मग 28-29 मार्चला आडत्याकडून किंवा सावकाराकडून चार दिवसांसाठी रक्कम आणायची, खात्यात भरायची, नवीन कर्ज मंजूर झालं की ती उचलून परत द्यायची. माझ्या काळात लाखाला चार दिवसांचे दोन हजार घेत. सही करताना मला दिसायचं की ही रक्कम ह्याची नाही. बँकेचं खातं नियमित दिसायचं, शाखेची वसुली चांगली दिसायची, आणि दरवर्षी दोन हजार त्या घरातून जायचे. पुढं कधीतरी नवं कर्ज मंजूर व्हायला महिना लागला की तो माणूस बुडायचा, कारण चार दिवसांच्या पैशाचा तीस दिवसांचा दर वेगळा असतो.

सामाईक खात्याबद्दल: तुमच्या भावानं तहसीलदारांकडं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली वाटणीचा अर्ज करावा. सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर फार अडत नाही. बोजा मोठ्याच्या हिश्श्यावर राहावा म्हणून बँकेशी आधी बोलून लेखी घ्या. हे आधी नाही केलं तर फेरफारानंतरही बोजा सगळ्यांच्या सातबाऱ्यावर येतो.

बोधनकर (सोमवार, सकाळी 7.10)

मी पलीकडचा मराठी माणूस. आजोबा देगलूरकडून इकडं आले. अलीकडच्या लोकांना वाटतं तेलंगणात सोनं पिकतं. 2018 ला इथल्या सरकारची रयतु बंधू योजना सुरू झाली तेव्हा एकरी 4 हजार, दोन्ही हंगामांत. पुढं 5 हजार झाले. आता रयतु भरोसा म्हणून एकरी वर्षाला 12 हजार. शिवाय 18 ते 59 वयाचा खातेदार शेतकरी कशानंही गेला तरी घराला 5 लाखांचा विमा. हे खरं आहे आणि त्यानं फरक पडला हेही खरं. पेरणीच्या तोंडावर खात्यात पैसे आले की आडत्याकडं जावं लागत नाही, किंवा कमी जावं लागतं. एकरी 5 हजारात बी आणि पहिलं खत निघतं, आणि त्यामुळं माल विकताना माणूस मोकळा असतो. मांजराकाठांच्या भावाला क्विंटलमागं जे 150 रुपये कमी लागले ते त्याला मिळतात.

पण हे सगळं पट्टेदाराला, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन त्याला. आमच्या गावात निम्मी जमीन मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, केली जाते. कसणाऱ्याला रुपया नाही. मालक निजामाबादला, हैदराबादला राहतो, पैसे त्याच्या खात्यात. उलट आमच्या इथं रयतु बंधू आल्यावर मक्ता वाढला, कारण मालक म्हणू लागले जमिनीला मागणी आहे. 2011 ला एकत्रित आंध्रात कसणाऱ्यांसाठी कायदा झाला होता, त्यात मक्तेदाराला कर्जपात्रतेचं कार्ड मिळायचं. तेलंगण झाल्यावर ती कार्डं मागं पडली.

आणि अजून एक. आमच्याकडं मक्त्यानं धान करणारे बरेच लोक तुमच्याकडचेच आहेत, बिलोली-देगलूरचे. ते ना इकडचे पट्टेदार, ना तिकडं त्यांच्या नावावर पीक.

सविता_म (सोमवार, दुपारी 1.05)

बोधनकर दादा, शेवटचं वाक्य वाचून लिहायलाच बसले. मी बचतगटांचं काम करते, देगलूर तालुक्यात.

आमच्याकडं बटईचा, म्हणजे दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचा, कागद कुणी करत नाही. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट कायदा 1950 चा लागू आहे, त्याची भीती मालकांच्या मनात अजून आहे. कागद केला तर कूळ लागेल म्हणून सगळं तोंडी. त्यामुळं ई-पीक पाहणीत पीक मालकाच्या नावावर, विमा मालकाचा, अतिवृष्टीचं अनुदान मालकाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेडकडं ढगफुटी झाली, देगलूरच्या बाजूलाही पिकं सडली. पंचनामा झाला, पैसे आले, पण ज्यांनी बियाणं उधार आणून पेरलं होतं त्यांच्या हातात काही नाही. चांगला मालक असेल तर अर्धे देतो. मी दोन घरं अशी पाहिली जिथं मालकानं दिले. बाकीच्यांनी विचारलंही नाही, कारण विचारलं तर पुढच्या वर्षी रान मिळत नाही.

मग ह्या घरांत पैसा कुठून येतो? बायकांच्या नावावर. मायक्रोफायनान्सचं कर्ज, दहा-दहा बायकांचा गट, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता. शेतीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता दर मंगळवारी. ते जुळणार कसं? एका ताईच्या घरी तीन कंपन्यांची पुस्तकं पत्र्याच्या डब्यात ठेवलेली पाहिली. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून. रिझर्व्ह बँकेनं 2022 ला नियम केला की घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते नकोत. पण घराचं उत्पन्न लिहितो कोण? कर्ज देणाराच फॉर्म भरतो आणि ताई अंगठा लावते.

धानाच्या लावणीला ह्याच बायका टेम्पोनं बोधनला जातात. मुकादम आधी उचल देतो, त्या उचलीतून हप्ता जातो, आणि मग उचल फिटेपर्यंत तिकडंच राबायचं. कर्ज फेडायला कर्ज आणि ते फेडायला अंगमेहनत, असं तीन पदरी आहे हे. शेतकऱ्याचं कर्ज म्हटलं की आपण सातबारेवाल्यांचंच बोलतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खरं_बोलू (सोमवार, दुपारी 2.30)

सगळं मान्य, पण एक विचारतो. 2008, 2017, 2019, प्रत्येक वेळी माफी झाली. जो भरतो तो मूर्ख ठरतो. मी दरवर्षी भरलं, मला काय मिळालं? आता तर 2025 च्या नागपूरच्या आंदोलनानंतर 30 जून 2026 पर्यंत माफीचा निर्णय घेऊ असं सरकार बोललं, तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणी भरायला तयार नाही. गटसचिव दारोदार फिरतोय.

मांजराकाठ (सोमवार, रात्री 8.50)

खरं_बोलू, तुमचा राग मला समजतो, माझ्या वडिलांचाही हाच राग होता. 2017 ला नियमित भरणाऱ्याला 25 टक्के किंवा जास्तीत जास्त 25 हजार, 2019 च्या योजनेत 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरलं, ते वडिलांना फार उशिरा मिळालं. पण माझा मुद्दा माफी हवी की नको हा नाही. माफी सोसायटी आणि बँकेच्या कर्जाची होते. माझ्या चुलतभावाचे 40 हजार कुठल्याच यादीत नाहीत, कुठल्याच नसणार. सावकारी कर्जमाफी इकडं झाली तीही परवानाधारक सावकाराची. महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी कायदा शेतकऱ्याला तारणी कर्जाला 9 आणि विनातारण कर्जाला 12 टक्क्यांची मर्यादा घालतो. पण नदी ओलांडली की तो कायदा नाही, आणि आडत्या तर म्हणतो मी सावकारच नाही, मी माल घेतो आणि आगाऊ देतो.

म्हणजे सगळ्यात महाग कर्ज घेणारा माणूस कायद्याच्याही बाहेर आणि माफीच्याही बाहेर. राज्यं दोन असल्यामुळं ही फट पडली आहे.

सविता ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डब्यातली पुस्तकं आपल्या गल्लीत पण हाईत."

दूधगंगाकाठ (सोमवार, रात्री 10.15)

आमची सीमा वेगळी, रड सारखीच. घर कागल तालुक्यात, शेत निपाणी तालुक्यात. शेताचा उतारा कन्नडमध्ये, रेशन कार्ड महाराष्ट्राचं. कर्नाटकात सहकारी सोसायटीतून शून्य टक्क्यानं मिळतं, 2023 च्या बजेटात मर्यादा 3 वरनं 5 लाख केली. चांगली गोष्ट आहे, मी घेतोय. पण 2018 ला तिथं माफी झाली तेव्हा कर्नाटकचं रेशन कार्ड मागितलं. आमच्याकडं कागलचं. इकडच्या 2019 च्या माफीत कर्ज तिकडच्या सोसायटीचं म्हणून नाव नाही. दोन्ही राज्यांनी माफी केली आणि आमच्या घरात आला शून्य.

आता इकडं फार्मर आयडी काढला, त्यात कागलचं घर आहे पण रान नाही. तिकडच्या नोंदीत रान आहे पण माणूस बाहेरचा.

एक मात्र आहे, ऊस असल्यामुळं आम्ही तुमच्यापेक्षा बरे. कारखाना बिलातनं सोसायटीची वसुली थेट कापतो, त्यामुळं सोसायटी कर्ज द्यायला भीत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्के व्याज, असं आहे. बिल लांबलं की तेवढं आमचं सोसायटीचं खातं थकतं, आणि ते 15 टक्के व्याज मागायला कोण जातंय. पण निदान हक्क कागदावर आहे. तंबाखूवाल्यांकडं तेही नव्हतं. भाव न ठरवता माल उचलायचा, पैसे वर्षभरानं, तेही तोडून. 1981 ला शरद जोशींच्या मागं लोक महामार्गावर बसले ते त्यातनंच.

बाभळी_धरणाखाली (मंगळवार, सकाळी 6.45)

धर्माबाद तालुका. आमच्याकडं पाण्यावरून कर्ज अडतं. बाभळी बंधाऱ्यात 2.74 टीएमसी पाणी राहतं असं सगळे म्हणतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं. म्हणजे पावसाळ्यात अडवायचं नाही आणि उन्हाळ्यात सोडायचं. बँक म्हणते सातबाऱ्यावर सिंचनाची नोंद दाखवा, तर बागायती दरानं कर्ज देतो. नोंद नाही, म्हणून जिरायती दर. मिरची, हळद करायची तर खर्च एकरी कितीतरी पट, आणि कर्ज जिरायती सोयाबीनच्या हिशोबानं. वरचा पैसा मग आडत्याचाच. धर्माबादच्या मिरचीचं नाव सगळीकडं आहे, ती पिकवणाऱ्याच्या घरात मिरचीचा पैसा थांबत नाही.

शाखाधिकारी_निवृत्त (मंगळवार, सकाळी 11.20)

धर्माबादकर, विहीर किंवा बोअरची नोंद तलाठ्याकडून पीकपाहणीच्या वेळी करून घ्या. एवढ्या साध्या नोंदीवर मर्यादा बरीच वाढते. आणि 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही. आधी ही मर्यादा 1 लाख 60 हजार होती. शाखेत शांतपणे हे सांगा.

मांजराकाठ, तुमच्या मूळ हिशोबातल्या 150 रुपयांसाठी एक जुना मार्ग आहे, लोक विसरलेत. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, 1990-91 पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या 75 टक्के रक्कम लगेच, 6 टक्के वार्षिक व्याज, सहा महिन्यांची मुदत. ज्यांना ऑक्टोबरात पैसे पाहिजेत पण विकायचं नाही त्यांच्यासाठीच ती आहे. अडचण अशी की ह्यात फक्त शेतकऱ्याचा स्वतःचा माल चालतो, आणि समितीनं गोदाम, पैसा उपलब्ध ठेवला पाहिजे. मी होतो तिथल्या एका समितीत गोदाम व्यापाऱ्यांच्या पोत्यांनी भरलेलं असायचं.

मांजराकाठ (मंगळवार, रात्री 9.15)

साहेब, आज चुलतभावाला घेऊन बाजार समितीत जाऊन आलो. तारण योजनेचा फलक आहे, भिंतीवर रंगवलेला. विचारलं तर सांगितलं, ह्या वर्षी अजून सुरू नाही, अर्ज देऊन जा. अर्ज दिला, पोच घेतली. तिघांनी दिले, म्हणजे एकट्याचा कागद बाजूला पडणार नाही.

पण आडत्याकडून घेतलेल्या उचलीवर तारण योजना चालणारच नाही, हेही तिथं बसल्यावर लक्षात आलं. माल बांधील आहे. गोदामात नेला तर आडत्या पुढच्या जूनला दार उघडणार नाही, आणि जूनला बँकही उघडत नाही. आधी जूनचा पैसा सुटला पाहिजे, मग ऑक्टोबरचा भाव. म्हणून खातेफोडीला, म्हणजे वाटणीच्या अर्जाला, लागलोय. त्याचा मोठा भाऊ तयार झाला, बोजा माझ्या हिश्श्यावर राहू द्या म्हणाला. हे बोलताना तो खाली बघत होता. 2016 चं कर्ज त्यानं बहिणीच्या लग्नाला काढलं होतं, चैनीला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

बोधनकर (मंगळवार, रात्री 10.00)

मांजराकाठ, त्या आडत्याला मी ओळखत असेन कदाचित, नाव लिहू नका. पण एवढं सांगतो, आमच्याकडचे लोक त्याच्याकडं आता रब्बीलाच जातात, खरिपाला नाही. कारण मी वर लिहिलं तेच. तुमच्याकडं राज्याची नमो शेतकरी आणि केंद्राची पीएम किसान मिळून वर्षाला 12 हजार मिळतात, पण ते घराला, एकराला नाही, आणि तीन-तीन हप्त्यांत. पेरणीच्या आठवड्यात हातात किती असतात ते बघा.

सविता_म (मंगळवार, रात्री 10.40)

आमच्या गटात ह्या वर्षी एक करून बघतोय. पंधरा बायकांनी बँकेकडून गटाचं कर्ज घेतलं आणि परतफेड हंगामावर ठेवा असं लिहून मागितलं. शाखाधिकारी बाई समजूतदार निघाल्या, तीन हप्ते करून दिले: सोयाबीन, हरभरा आणि धानाची मजुरी. पहिला हप्ता नोव्हेंबरात पूर्ण गेला. सगळ्या बटईवाल्या घरच्या बायका आहेत. पुढं काय होतं ते मार्चनंतर इथंच लिहीन.

मांजराकाठ (बुधवार, सकाळी 7.30)

ताई, त्या अर्जाचा मसुदा मिळेल का? नावं खोडून इथं टाका. आमच्या गल्लीत नऊ बायका तयार आहेत, आई धरून दहा. आणि पट्टी ज्यांच्या-ज्यांच्याकडं आहे त्यांनी जपून ठेवा, जाळू नका. मी आमच्या गावातल्या गेल्या वर्षीच्या 11 पट्ट्या गोळा केल्यात. प्रत्येकावर भाव, त्या दिवशीचा बाजारभाव आणि कडता असे तीन रकाने मांडतोय.